प्रवासखर्च नंतर मिळेल

परदेशातल्या परिषदेला जायचं तर पैसे लागतात, आणि ते पैसे मिळायचे तर आधी परदेशात जाऊन यावं लागतं. विद्वत्सभांच्या प्रवास-अनुदानाचं सार एवढंच. बाकी सगळी कलमं आणि पोटकलमं.

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि शेणकिड्यांवर संशोधन करतो. यातलं पहिलं अर्धं वाक्य मी कुठंही सांगतो, दुसरं सहसा गिळतो. लग्नाच्या वेळी सासरेबुवांनीही पाहुण्यांना "जावई सायन्सकडं आहेत" एवढ्यावरच भागवलं होतं. वास्तविक शेणकिडा हा मोठा कर्तबगार प्राणी. ताज्या शेणाचा पो पडला की वास काढत येतो, आपल्यापुरता गोळा वळतो आणि डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर अशा अवस्थेत उलटा चालत तो ढकलत नेतो. नेतो तो अगदी सरळ रेषेत. कारण पोजवळ घुटमळत बसला तर दुसरा किडा येऊन आयता गोळा पळवतो. मी अध्यापनक्षेत्रातला असल्यामुळे हे वर्तन समजायला मला फारसा वेळ लागला नाही.

तर माझ्या या कामाचा गोषवारा युरोपातल्या एका परिषदेनं स्वीकारला. व्याख्यान म्हणून नव्हे, पोस्टर म्हणून. दोन्हींत फरक असा की व्याख्यानाला लोक झोपतात आणि पोस्टरच्या वेळी चहाला जातात. स्वीकृतीच्या पत्रासोबत परिषद भरवणाऱ्या विद्वत्सभेच्या पुरस्कारांची लांबलचक यादी होती. ती वाचताना मला प्रथमच कळलं की शास्त्रज्ञ म्हणून मी कुठल्याच वयात बसत नाही. तरुण संशोधकाचा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्यांना. उदयोन्मुख संशोधकाचा, पीएच.डी. होऊन पाच वर्षं न झालेल्यांना. आणि मग एकदम जीवनगौरव. मधल्या वयात माणसानं काय करावं याबद्दल यादीत अवाक्षर नव्हतं. निवडणुकीची ड्युटी, नॅकची तयारी, युवक महोत्सवाची जबाबदारी आणि वसतिगृहाचं रेक्टरपद हे सगळं सांभाळत माझी पीएच.डी. झाली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. उदय आणि अस्त एकाच सुमारास झाले.

अर्थात वयानं अडवलेला मी एकटाच नाही. गणितातलं फील्ड्स पदक 1936 पासून देतात, तेही चाळिशीच्या आतल्यांनाच. अँड्र्यू वाइल्स यांनी साडेतीनशे वर्षं कुणाला न सुटलेलं फर्माचं प्रमेय सोडवलं, पण ते सगळं निस्तरेपर्यंत चाळिशी उलटली होती. जगभरचे गणिती हळहळले. शेवटी 1998 साली आंतरराष्ट्रीय गणित संघानं त्यांना एक खास चांदीची पट्टी दिली. म्हणजे पदक नाही, पण पट्टी. आमच्या कॉलेजात एनसीसीच्या मुलांना पदक कमी पडलं की असंच काहीतरी करतात.

यादीच्या तळाशी मात्र माझ्यासाठी जागा निघाली: 'विकसनशील देशांतील संशोधकांसाठी प्रवास-साहाय्य पुरस्कार'. इथं देश माझ्या मदतीला आला. व्यक्तिशः माझा विकास केव्हाच खुंटला असला तरी देशाचा चालू होता.

अर्ज उघडला. पहिल्या रकान्यात आपल्याला आर्थिक मदतीची किती गरज आहे ते तीनशे शब्दांत पटवून द्यायचं होतं. मी उत्साहानं लिहायला बसलो. घराचा हप्ता, मुलीची क्लासची फी, गळकं छत, सगळं आलं. शब्दमर्यादा पुरेना. मग पुढचा रकाना पाहिला. 'पुरस्काराची रक्कम आंशिक आहे. उर्वरित खर्चाची आपण पूर्ण तजवीज केली आहे याचा पुरावा जोडावा.' म्हणजे एका रकान्यात मी कफल्लक आहे हे सिद्ध करायचं आणि दुसऱ्यात बँकेतली शिल्लक दाखवायची. मी छत पुन्हा दुरुस्त केलं, फक्त कागदावर.

तिसरी अट दोन शिफारसपत्रांची. त्यातलं एक माझ्या गाइडचं. सर निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेत. फोन केला.

"सर, एक शिफारसपत्र हवं होतं."

"अरे, हक्कानं माग की! तू असं कर, मसुदा करून आण. मी सही करतो."

सगळ्या देशात शिफारसपत्रं अशीच तयार होतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपली स्तुती आपण लिहायची आणि तीही दुसऱ्याच्या आवाजात, हे मराठी मध्यमवर्गात वाढलेल्या माणसाला जमत नाही. 'स्वतःची टिमकी वाजवू नये' हे ऐकतच आपण मोठे झालेलो असतो. मी लिहिलं: 'सदर संशोधक माझ्या परिचयाचे असून त्यांचे काम बरे आहे. वर्तणूक चांगली.' बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "ही शिफारस आहे की शाळा सोडल्याचा दाखला?" मग तिनं कागद ओढून घेतला. घरात एरवी माझ्याबद्दल ती जे बोलते त्याच्याशी या मजकुराचा काही संबंध नव्हता. 'अद्वितीय निरीक्षणशक्ती' असं तिनं लिहिलं, तेव्हा मी तिला आदल्या दिवशीचा प्रसंग आठवून दिला. फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दही मला दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "दह्यावर किडे नव्हते."

सरांनी पुण्याला मसुदा शांतपणे वाचला. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"एवढा हुशार होतास तू? मला कधी बोलला नाहीस."

मी खाली मान घातली. सरांनी सही करायला पेन उचललं आणि पुन्हा थांबले.

"तेवढं 'अद्वितीय' काढ. परवाच दुसऱ्याला दिलंय, त्याच सभेकडं जाणार आहे."

'अद्वितीय' गेलं, 'उल्लेखनीय' आलं, आणि पुरस्कारही आला. सहाशे अमेरिकी डॉलर. पत्र वाचून घरात आनंदीआनंद झाला. देवापुढं साखर ठेवली. मग बायकोनं कागद-पेन घेतलं.

"सहाशे डॉलर म्हणजे आपले किती?"

"पन्नास हजारांच्या आसपास."

"आणि विमानाचं तिकीट?"

"त्याहून जास्त."

"परिषदेची फी?"

"ती चारशे युरो."

"कुणाला द्यायची?"

"त्यांनाच. सभेला."

"आधी?"

"आधी."

"आणि ते सहाशे डॉलर?"

"नंतर."

तिनं पेनचं टोपण लावलं. "म्हणजे पुरस्कार नक्की कोण कुणाला देतंय?" या प्रश्नावर माझा अभ्यास नव्हता.

पण मी तो मनावर घेतला आणि विद्वत्सभांच्या इतिहासात थोडा हात घातला. लंडनची रॉयल सोसायटी 1660 सालची. तिचं कॉप्ली पदक हे जगातल्या सगळ्यात जुन्या विज्ञान-पुरस्कारांपैकी एक. सर गॉडफ्री कॉप्ली नावाच्या श्रीमंत गृहस्थानं मृत्युपत्रात शंभर पौंड ठेवले, त्यातून हे सुरू झालं. पहिला मानकरी 1731 साली स्टीफन ग्रे. हा मूळचा रंगारी. उतारवयात धर्मादाय निवाऱ्यात राहायचा, आणि विजेचे प्रयोग म्हणून एका पोराला रेशमी दोऱ्यांनी आडवं टांगून त्याच्या अंगात वीज भरायचा. दुसऱ्या वर्षी, 1732 साली, पुरस्कार कुणाला? पुन्हा स्टीफन ग्रे यालाच. म्हणजे ज्याला एक मिळालाय त्यालाच दुसरा द्यायचा ही प्रथा पहिल्या दोन वर्षांतच पडली. आणखी गंमत अशी की पहिल्या मानपत्रात ग्रेच्या प्रयोगांबरोबर सोसायटीच्या उपयोगी पडण्याच्या त्याच्या तत्परतेचंही कौतुक आहे. वाचून मला आमच्या संस्थेच्या वर्धापनदिनाची आठवण झाली. तिथंही आदर्श प्राध्यापकाचा पुरस्कार मंडप घालण्यात तत्पर असणाऱ्यालाच मिळतो.

आपल्याकडचा दाखला आणखी मनाला लागतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1886 साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून. त्या काळात समुद्र ओलांडला की परतल्यावर प्रायश्चित्ताची भाषा व्हायची. भांडारकर प्रार्थना समाजातले, त्यांना त्याची फिकीर नव्हती. ते परत आले आणि त्यांनी त्या परिषदेचा वृत्तान्त लिहिला. आज प्रायश्चित्त कुणी मागत नाही, त्याची जागा टीए-डीए बिलानं घेतली आहे. आणि इतिहासाचार्य राजवाडे तर कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले. त्यांना आज कुणी विचारलं असतं, की कमीत कमी अंतराच्या मार्गानं गेलात काय, तर विचारणाऱ्याचं पुढं काय झालं असतं ते सांगायला नको. ते कोपिष्ट म्हणून प्रसिद्धच होते.

उरलेल्या पैशांसाठी मी दिल्लीच्या एका योजनेकडं अर्ज केला. तिथं निम्मं भाडं मंजूर झालं, पण सरकारी खर्चाचं विमान म्हटल्यावर तिकीट सरकारनं ठरवून दिलेल्या तीन एजंटांपैकी एकाकडूनच काढायचं. तेच विमान, तोच दिवस, तीच खुर्ची माझ्या मुलीनं मोबाइलवर सात-आठ हजारांनी स्वस्त शोधून दाखवली. मी आनंदानं फोन केला.

"साहेब, सरकारचे पैसे वाचतायत."

"तशी तरतूद नाही," पलीकडून उत्तर आलं.

मग परवानग्या. प्राचार्यांची मिळाली, संस्थेच्या सचिवांची मिळाली. परदेशी जायचं म्हणून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची लागते. तिथल्या टेबलावरचे गृहस्थ सौम्य होते. माझी फाइल त्यांनी उघडली, टाचणी काढली, टाचणी लावली.

"विषय काय?"

"शेणकिडे."

"ते आपल्याकडं नसतात का?"

"भरपूर असतात."

"मग तिकडं कशाला?"

"तिकडं त्यांच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ भेटतात."

"ते इकडं येत नाहीत का?"

"नाही."

"का?"

"त्यांनाही प्रवासखर्च नंतरच मिळतो."

त्यांना हे पटलं. त्यांनी फक्त एक सुचवलं, 'शेण' हा शब्द टिपणीत बरा दिसत नाही. आम्ही दोघांनी मिळून 'कृषिपूरक कीटक' असं केलं आणि फाइल पुढच्या टेबलावर गेली. तिथल्या बाईंनी ती शेती विभागाकडं पाठवायला काढली होती. आमच्या ग्रंथपालाचे मेहुणे त्या मजल्यावर नसते तर परवानगी अजून कृषी आयुक्तालयात असती.

दरम्यान गावात बातमी फुटली. पुरस्कार म्हटलं की गावाला रक्कम दिसत नाही, फ्लेक्स दिसतो. चौकात तो लागला. त्यावर आमच्या भागाचे नेते हात जोडून पूर्णाकृती उभे, त्यांच्या मागं त्यांचे नेते, त्यांच्या वर आकाशात आणखी वरचे नेते, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा मी. मजकूर होता: 'आंतरराष्ट्रीय शेण परिषदेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' मित्रपरिवाराचे बत्तीस फोटो. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. एक ओळखीचा वाटला, तो आमच्याकडं बी.एस्सी.ला सलग नापास होत गेलेला निघाला.

सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. अध्यक्ष बोलायला उठले. "सरांनी आपल्या मातीतलं शेण सातासमुद्रापार नेलं," या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं बसलेल्या एका शेतकऱ्यानं कार्यक्रमानंतर मला बाजूला घेतलं आणि किलोला काय भाव मिळतो ते विचारलं. स्टाफरूमचं वातावरण जरा वेगळं होतं. तिथं प्रत्येकाला कधी ना कधी असा पुरस्कार मिळालेला होता, फक्त "मी गेलो नाही" किंवा "मीच नको म्हटलं." इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी मला अत्यंत प्रेमानं विचारलं, "पोस्टरच ना? हरकत नाही, सुरुवात म्हणून चांगलं आहे." विद्यार्थी म्हणाले, "सर, पार्टी!" पेढे वाटले, स्टाफला वडापाव दिला, शिपायांना वेगळे पेढे दिले. मिठाईवाल्याचं बिल बघितलं तेव्हा सहाशे डॉलरमधल्या पहिल्या काही डॉलरांना पाय फुटले होते. ते अजून माझ्याकडं आलेही नव्हते.

नातेवाइकांच्या याद्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांत एक ट्रॉली बॅग होती, आणि ती आणायला दुसरी ट्रॉली बॅग लागणार होती.

परिषदेचं म्हणाल तर ती चांगली झाली. पोस्टरची नळी घेऊन मी मुंबईच्या विमानतळावर गेलो तेव्हा सुरक्षेच्या जवानानं ती उघडायला लावली. आतून शेणाच्या पोचा तीन फुटी रंगीत फोटो बाहेर आला. त्यानं तो नीट गुंडाळून परत दिला आणि काही विचारलं नाही. तिकडं माझ्या पोस्टरला जागा मिळाली ती स्वच्छतागृहाकडं वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. त्यामुळे गर्दी सतत होती. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आणि त्याचं उत्तर मी हात लांब करून देऊ शकत होतो.

त्या गर्दीतून एक म्हातारे शास्त्रज्ञ मात्र खरंच पोस्टरसाठी थांबले. शेणकिडा गोळ्यावर चढून स्वतःभोवती गिरकी घेतो, तो माझा फोटो त्यांनी नाक लावून पाहिला. ही गिरकी म्हणजे दिशा घेणं. सूर्य, चंद्र आणि रात्री चंद्र नसेल तर आकाशगंगेचा पट्टा बघून तो सरळ रेषा धरतो. स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध करताना किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या बारक्या टोप्या घातल्या. वरचं दिसेनासं झाल्याबरोबर किडे भरकटले. मग त्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. कृत्रिम आकाशगंगा लावली, तेव्हा वाट सापडली. 2013 साली या कामाला इग नोबेल मिळालं.

इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला 1991 पासून दिला जाणारा पुरस्कार. आपल्या देशाची त्यातली कामगिरी अभिमानास्पद आहे. 2001 साली बंगळूरच्या निम्हान्समधल्या दोघांना शाळकरी मुलं नाकात बोट किती घालतात याच्या अभ्यासासाठी तो मिळाला, आणि 2002 साली केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना भारतीय हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ काढण्यासाठी. या पुरस्काराची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा स्वच्छ व्यवहार. समारंभाला विजेत्यांनी स्वखर्चानं यायचं, हे आधीच सांगितलेलं असतं. बरीच वर्षं रोख बक्षीस म्हणून झिम्बाब्वेची दहा लाख कोटी डॉलरची नोट देत, जिच्यात चहा येत नाही. घेणारा आणि देणारा दोघंही हसत असतात. बिल नाही, बोर्डिंग पास नाही, उपयोगिता प्रमाणपत्र नाही.

आमच्या सभेत इतका मोकळेपणा नव्हता. प्रवास-साहाय्य मिळालेल्यांनी सभागृहात माइक घेऊन धावायचं असतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. ते पत्रातच होतं, तळटीपेत. प्रश्न विचारणारा नेहमी दुसऱ्या टोकाला बसतो आणि त्याला प्रश्न नसतो, स्वतःचं संशोधन सांगायचं असतं. ते संपेपर्यंत माइक माझ्या हातात. पुरस्कार प्रदान शेवटच्या रात्रीच्या भोजनसमारंभात होता. मी नोंदणीच्या टेबलावर चौकशीला गेलो.

"भोजनाचं तिकीट वेगळं आहे," टेबलामागची मुलगी गोड हसून म्हणाली. "साठ युरो."

"मला जेवायचं नाही. नुसता पुरस्कार घेऊन जाईन."

"तशी सोय नाही."

जेवणात माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला उकडलेला कोबीचा गड्डा उभा चिरून दिला होता. साठ युरोंचा कोबी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. नंतर नाव पुकारलं गेलं. ते माझंच असावं असा अंदाज बांधून मी उठलो, कारण त्या उच्चाराशी जुळणारं दुसरं कुणी उठेना. प्रमाणपत्र मिळालं, अध्यक्षांशी हस्तांदोलन झालं, फोटो निघाला. खरं सांगतो, त्या क्षणी कोबी, माइक, सहसंचालक सगळं विसरलो. छाती भरून आली. माणूस कितीही शहाणा असला तरी नावापुढं टाळी वाजली की अर्ध्या तासासाठी तो शहाणपण टेबलावर ठेवतो. विद्वत्सभांना हे गेली साडेतीनशे वर्षं ठाऊक आहे.

परत आल्यावर दिल्लीच्या योजनेचं बिल सादर केलं. सगळे कागद क्रमानं, झेंड्या लावून. काही आठवड्यांनी लेखाविभागातून बोलावणं आलं. फाइलमधली एक चिठ्ठी चिमटीत धरून बाबूंनी माझ्यापुढं नाचवली.

"सर, हे काय?"

"बोर्डिंग पास."

"कोरा आहे."

विमानतळावरचे बोर्डिंग पास बसच्या तिकिटाच्या कागदावर छापतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात फाइल राहिली की अक्षरं मावळतात. मी तसं सांगितलं.

"शाई उडाली, हे कळलं. पण तुम्ही उडालात कशावरून?"

मी पासपोर्ट काढला. जायचा शिक्का, यायचा शिक्का.

"यावरून तुम्ही देश सोडला हे दिसतं. विमानानंच सोडला हे कुठं दिसतंय?"

अरबी समुद्रातून पोहत युरोपात गेलो असतो तर पोस्टर भिजलं असतं, हा युक्तिवाद मी मनातल्या मनात केला. मोठ्यानं केला नाही, कारण पुढचा मुद्दा येत होता. मी दोह्यावरून का गेलो? कमीत कमी अंतराचा मार्ग दुसराच आहे. मी म्हटलं, तुमच्याच एजंटानं तिकीट काढलं. ते म्हणाले, मग एजंटाचं पत्र आणा. एजंट म्हणाला, लेखाविभागाचं पत्र आणा, मग पत्र देतो. डॉलरचा दर कुठल्या दिवसाचा धरायचा, फी भरली त्या दिवसाचा की परत आलो त्या दिवसाचा, यावर स्वतंत्र पत्रव्यवहार झाला. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना जीएफआर 12-ए, सनदी लेखापालाच्या सहीशिक्क्यासह. दिलेली रक्कम दिलेल्या कामासाठीच वापरली, असं त्यात लिहून द्यायचं असतं. रक्कम अजून दिलेली नव्हती. तरी मी ती वापरल्याचं लिहून दिलं, लेखापालानंही खात्री करून दिली, आणि त्याची फी मी भरली. ती फी बिलात बसत नाही.

सभेचे सहाशे डॉलर त्यानंतर आले. म्हणजे सहाशे निघाले. वाटेत एका परदेशी बँकेनं त्यांतून आपला वाटा घेतला, मग आपल्याकडच्या बँकेनं. शाखेत एक फॉर्म भरून पैसे कशाबद्दल आले ते सांगायचं होतं, त्यासाठी सांकेतिक क्रमांकांची यादी असते. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं माझ्या पत्रावरून नजर फिरवली आणि मला म्हणाला, "निर्यात आहे का ही? शेणाची?" मी नाही म्हटलं. "मग नातेवाइकांनी पाठवलेत असं टाकू का? लवकर होईल." माझ्या डोळ्यांपुढं अध्यक्षांशी केलेलं हस्तांदोलन आलं. तेवढ्यावर नातं जोडणं बरं दिसलं नसतं.

मात्र पुरस्कार मिळाल्याची वार्ता जगभर पसरते. तेव्हापासून मला रोज कुठल्या ना कुठल्या शहरातून मेल येतो. कुणाला मला आंतरराष्ट्रीय उत्कृष्ट शास्त्रज्ञ करायचं असतं, कुणाला थेट जीवनगौरव द्यायचा असतो. निवड झालेलीच असते, फक्त सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि व्यासपीठावरची खुर्ची यांचा नोंदणीखर्च भरायचा बाकी असतो. जीएसटी वेगळा. आमच्या स्टाफरूममधल्या काचेच्या कपाटात अशी बरीच चिन्हं उभी आहेत, सगळ्यांवर सोनेरी पंख. एक मात्र मानलं पाहिजे, या मंडळींचा व्यवहार आमच्या सभेपेक्षा सरळ आहे. पैसे आधी, पुरस्कार लगेच, आणि बोर्डिंग पास कुणी मागत नाही.

त्याच सभेच्या पुढच्या परिषदेचे अर्ज सुटले आहेत. या वेळी ती आणखी लांबच्या देशात आहे आणि रक्कम तेवढीच आहे. आमच्या कॉलेजातली तरुण मंडळी सध्या माझ्याभोवती घुटमळतायत, त्यांना आणि तुमच्यापैकी जे कुणी अर्ज करणार असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बोर्डिंग पासची झेरॉक्स उतरल्या दिवशीच काढा, आणि तिचीही एक झेरॉक्स काढा. गरजेचा रकाना आणि शिलकीचा रकाना एकाच दिवशी भरू नका, हात थरथरतो. पेढे पाव किलोच्या वर आणू नका. आणि शिफारसपत्रासाठी माझ्याकडं यायचं असेल तर खुशाल या. मसुदा तेवढा करून आणा, मी सही करतो. 'अद्वितीय' या वर्षी अजून कुणाला दिलेलं नाही.